सुमनवहिनी, तुला समजत होतं

वहिनी, तू गेलीस त्याला आज सोळा दिवस झाले. या सोळा दिवसांत आपल्या घरात कोणी मोठ्यानं काही वाचलेलं नाही. पेपर येतो, दादा तो उचलून खाटेखाली सरकवतो. टपालानं एक पत्र आलं आहे, ते माझ्या शर्टाच्या खिशात तसंच पडून आहे. कोणाचं आहे मला माहीत नाही. तुझी शाळकरी पोर वाचेल, पण तिला द्यायला मन होत नाही. दादाला दिलं तर तो वाचेल. पण तिसरी शिकलेल्या माणसाला, बायको जाऊन पंधरवडा झालेला असताना, अक्षराला अक्षर जोडत बसायला लावणं माझ्यानं झालं नाही.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात आपल्या वस्तीचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. त्यांनी तुझ्याबद्दल जे सांगितलं ते सगळं माझंच होतं. "या माउलीला इंग्रजीचा गंध नव्हता. आपण काय वाचतो हेही तिला कळत नव्हतं. तरी तिनं आंधळ्या दिराला पुस्तकं वाचून दाखवून बी.ए. केलं." हे बोलणं माझं. सहा वर्षांपूर्वी त्याच विहारात, तसल्याच खरखरणाऱ्या माइकवर मी ते बोललो होतो आणि लोकांना ते फार आवडलं होतं. तेव्हापासून ते वस्तीत फिरतं आहे. तुझ्या तसबिरीला हार घातल्यावरही तेच बोललं गेलं. बायका हुंदके देत होत्या. मी खाली सतरंजीवर बसून होतो. उठून बोलायला हवं होतं, उठलो नाही. महिला मंडळ तुझ्यासाठी छोटा अंक काढणार आहे, त्यासाठी त्यांनी माझ्याकडे दोन पानं मागितली. जास्त होतील.

ज्यांनी हे घर पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मी आठ वर्षांचा असताना देवी आल्या आणि डोळे घेऊन गेल्या. अंधशाळेत शिकलो, बोटांनी वाचायला शिकलो, मॅट्रिक झालो. आमचे बाप मिलमध्ये साच्यावर होते, त्यांच्यानंतर दादा त्याच मिलमध्ये लागला. आमच्या घरातच नव्हे, आख्ख्या गल्लीत कॉलेजची पायरी चढलेलं कोणी नव्हतं. मी चढलो. आता सरकारी कचेरीत टायपिस्ट आहे, साहेब तोंडी सांगतात ते मी टाइप करतो. मला या सगळ्याचा अभिमान आहे. तो मी कधी लपवला नाही, आजही लपवत नाही. पण हा अभिमान कशावर उभा होता ते या पानांत यायला हवं.

तू उमरेडकडच्या खेड्यातून लग्न होऊन आलीस तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो आणि तू वीसची. तू मला 'भाऊजी, तुमी' म्हणायचीस आणि मी तुला 'वहिनी, तू'. वयानं मोठी तू, शिकवणाऱ्या माणसाच्या जागी तू, आणि 'तुमी' मला. हे उलटं आहे असं तेव्हा कोणाला वाटलं नाही. मला तर नाहीच.

कॉलेजात गेल्यावर पहिल्या महिन्यातच कळलं, बोटांनी वाचायचं एकही पुस्तक तिथं नाही. सगळ्यांनी सांगितलं, मराठीतून घे, मराठीची पुस्तकं कोणीही वाचून दाखवील. मी म्हटलं, इंग्रजीतूनच करणार. मराठीतून पास झालो असतो तर लोक म्हणाले असते, बिचारा आंधळा असून बरा शिकला. मला बिचारा नको होतं. वर्गातल्या पोरांनी आठ दिवस वाचलं. मग एकाची क्रिकेटची मॅच निघाली, एकाची मावशी आली, एकाचा घसा बसला. मी घरी येऊन भिंतीला टेकून बसलो. तू समोर बिड्या वळत बसली होतीस. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू. कात्रीचा आवाज येत होता.

"काय झालं भाऊजी?"

"काही नाही."

"पोट्टे नाही आले वाटते वाचाले."

"नाही."

"मंग मी वाचते."

मी हसलो. "तुले काय येते इंग्रजी?"

"ए बी सी डी येते न. सातवी पास आहो मी. अक्षर मी सांगते, जोडा तुमी."

असं सुरू झालं. पिठाच्या डब्याला टेकवून पुस्तक उभं करायचं, पान मिटू नये म्हणून वर कात्री ठेवायची, हात बिडीत आणि डोळे पुस्तकात. "मोठा टी. एच. ई. सोड. पी. आर. आय. सी. ई. टिंब." दोन शब्दांमधल्या जागेला तू 'सोड' म्हणायचीस. शब्द सुटला की मी तो मनात जोडायचा आणि "हं" म्हणायचं, मग तू पुढचा घ्यायचीस. पहिल्या दिवशी एक पान व्हायला सगळी दुपार गेली. पान संपल्यावर तू विचारलंस, "काय होतं यात?" मी म्हणालो, "अर्थशास्त्र आहे. तुले नाही समजायचं." तू म्हणालीस, "बरं." आणि बिडीला दोरा गुंडाळलास.

महालातल्या वाचनालयातून मी पुस्तकं आणायचो, त्यांना आठ दिवसांत तंबाखूचा वास लागायचा. ग्रंथपालांनी एकदा पुस्तक नाकाशी नेऊन विचारलं, "काय हो, तुम्ही वाचता की ओढता?" घरी येऊन तुला सांगितलं तर तू इतकी हसलीस की खोकला लागला. तो साधाच खोकला आहे असं आम्हाला वाटलं. घरोघरच्या बिडीवाल्या बायका तशाच खोकायच्या. दुसऱ्या दिवसापासून तू पुस्तकावर जुन्या लुगड्याचा तुकडा पसरू लागलीस आणि ओळीपुरताच बाजूला करू लागलीस.

दुसऱ्या वर्षी अंधशाळेनं एक जुना टेपरेकॉर्डर वापरायला दिला, सोबत चार कॅसेट. मी कॉलेजात असताना तू एकटीनं वाचून ठेवायचीस, मी आल्यावर ऐकायचो. पहिल्या कॅसेटची सुरुवात अशी होती: "भाऊजी, हे सुरू झालं का जी? लाल लाइट तर लागला. आता काय करू, वाचू?" मग बराच वेळ कात्रीचा आवाज. मग "वाचते बाप्पा."

त्या कॅसेटमध्ये सगळी वस्ती होती. शेजारच्या शेळ्या, नळावरचं भांडण, मिलचा भोंगा. परीक्षेत लेखनिकाला उत्तर सांगताना मला कधी कधी पुस्तकाचं पान आठवायचं नाही, पण भोंग्याच्या आधी काय होतं आणि नंतर काय ते आठवायचं. नफ्याच्या सिद्धांतातला चौथा मुद्दा नळावर कोणीतरी बादली आपटल्यावर लगेच येतो. मी तो तसाच सांगितला आणि तो बरोबर आला.

आणि मधेमधे तू बोलायचीस. "भाऊजी, थांबते जरा, भात उतरवते." कधी थेट, "तुमचे दादा आले, सुटी झाली आज." मला ते आवडायचं. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं ते दुसरंच.

त्या वर्षाच्या मध्यावर तू अक्षरं सांगणं सोडून दिलं होतंस. आधी 'द', 'ऑफ', 'इज' असले लहान शब्द सरळ म्हणू लागलीस, मग मोठे. कधी अडलीस तरच अक्षरं. उच्चार तुझेच होते, उमरेडचे, पण शब्द शब्दच होता. मला वाटलं, रोज बघून बघून डोळ्यांना सवय झाली. शब्दांचे आकार पाठ झाले. माझ्या डोक्यात याच्यापुढे काही आलं नाही. म्हणजे येऊ दिलं नाही.

एक दिवस राष्ट्रीय उत्पन्नाचा धडा होता. तो तू टेपवर न वाचता माझ्यासमोर वाचलास, त्या दिवशी कॉलेजला सुटी होती. पुस्तकात लिहिलं होतं की बाई घरात स्वयंपाक करते, मुलांचं करते, ते देशाच्या उत्पन्नात धरत नाहीत, कारण त्याचे कोणी पैसे देत नाही. तू तो परिच्छेद वाचलास आणि थांबलीस. मला वाटलं भात.

"भाऊजी, हे घरच्या बाईचं लिहून राहिले ना?"

"हाव."

"म्हंजे मी बिड्या वळते ते धरते, अन् भाकर टाकते ते धरत नाही."

"तसंच."

"अन् हे तुमाले वाचून दाखवून राहिली, हे?"

"हेही नाही धरत."

कात्री दोनदा वाजली. मग म्हणालीस, "चांगलं हाय. फुकटचंच दिसते सगळं." आणि हसून पुढचा परिच्छेद घेतलास.

वहिनी, हे मी विसरलेलो नाही. त्या दिवशी तू इंग्रजी वाचलंस, तुला ते समजलं, आणि आमच्या प्राध्यापकांनी जो प्रश्न पुढं दोन महिन्यांनी वर्गात विचारला तो तू सुपाशी बसून विचारलास. मी तो वर्गात माझा म्हणून सांगितला. सर म्हणाले, फार छान. पोरांनी बाकं वाजवली. घरी येऊन मी तुला सांगितलं की आज सरांनी माझी तारीफ केली. तू म्हणालीस, "कराच लागते न. एवढे हुशार आहा तुमी." कशाची तारीफ ते मी सांगितलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती कॅसेट आली. मजुरी कशी ठरते यावरचं प्रकरण होतं. मजूर आणि मालक समोरासमोर बसून दर ठरवतात अशासारखं काही तिथं होतं. ते वाचून झाल्यावर टेपवर तुझा आवाज आला: "भाऊजी, हे काही मले पटलं नाही. आमचा ठेकेदार कधी कोणासंग बसला? तो बिड्या छाटते, यातल्या एवढ्या फेकल्या म्हणते, अन् बाई घरी येते. हे लिहिणाऱ्यानं बिडीवाली पायलीच नाही."

मी टेप बंद केला आणि तुला हाक मारली. "वहिनी, पुस्तकात आहे तेवढंच वाचत जा. तुझं मत टेप करू नको. कॅसेट कमी आहेत." कॅसेट कमी होत्या हे खरं होतं. पण मी त्यासाठी बोललो नव्हतो. मला चीड आली होती. मला एक आवाज हवा होता. पुस्तकातून निघावा, माझ्या कानात यावा आणि मधे कोणी नसावं. तू मधे आलीस.

"चुकलं," तू म्हणालीस. त्यानंतर कॅसेटवर तुझं काही आलं नाही. भात उतरवायला उठायचीस तेव्हाही न सांगता टेप बंद करायचीस. खट् असा आवाज यायचा, परत खट्, आणि पुढची ओळ.

बी.ए.चा निकाल लागला. वस्तीनं सत्कार ठेवला. विहारासमोर मांडव, माइक, सगळं. दादानं मिलमधून सुटी घेतली. तुला बायकांमध्ये पुढं बसवलं होतं. मी बोलायला उभा राहिलो. तुझे आभार मानायचे होते आणि मला ते मोठे करून मानायचे होते. मी म्हणालो, माझ्या वहिनीला इंग्रजीचा गंध नाही. ती काय वाचते ते तिला कळत नव्हतं. तरी माझ्यासाठी तिनं तीन वर्षं वाचलं. टाळ्या झाल्या. म्हाताऱ्या माणसांनी डोळे पुसले असं नंतर दादानं सांगितलं. तू काही सांगितलं नाहीस. मी म्हटलं तुझी प्रशंसा केली, बोलत कशी नाहीस, लाजली का काय.

घरी येताना माझा हात तुझ्या खांद्यावर होता. दादा पुढं चालत होता, लोकांशी बोलत. तू हळूच म्हणालीस, "भाऊजी, मले समजते."

"काय?"

"पुस्तक. सगळंच नाही. पण समजते."

मी हसलो. मी म्हणालो, "हाव वं, उद्या तूच प्रोफेसर होशीन." तू माझा हात खांद्यावरून काढला नाहीस. पुढं गटार आहे, पाय उचला, एवढंच म्हणालीस.

हे वाचणाऱ्यांनी मला निर्दय समजू नये असं मला वाटतं. पण का समजू नये ते मला सांगता येत नाही. तू वाचत नव्हतीस तेव्हा आपल्यात खूप हसणं होतं. पहिल्या दिवशी तूच मला रिक्षातून कॉलेजात नेलंस आणि फाटकातून घरी परतताना कारकुनाला दटावलंस, "याईले जिन्यापाशी कोणी ढकललं तर मी उद्या येईन." कॉलेजातल्या पोरी कशा आहेत असं मी विचारलं तर म्हणालीस, "तुमच्या कामाच्या नाहीत, सगळ्या चष्मेवाल्या. दोघंही आपटान." माझ्या कपड्यांना आतून दोऱ्याच्या गाठी घालून ठेवायचीस, पांढऱ्याला एक, निळ्याला दोन, म्हणून मी कधी विजोड घालून गेलो नाही. हे सगळं तू केलंस आणि मी ते घेतलं. तेवढ्यापुरता मी बरा माणूस होतो.

निकालानंतर आठवडाभरानं तू पहिल्यांदा विचारलंस. "भाऊजी, मी बाहेरून मॅट्रिकले बसू काय? गणित तुमी सांगा. बाकी मी करीन." मी म्हणालो, एम.ए. होऊ दे, तोवर वाचायला तू लागशील. तू थांबलीस. माझी एम.ए.ची पुस्तकं वाचलीस. कॅसेट चारच होत्या. एक विषय झाला की त्यावरच पुढचा भरायचा, अशी आमच्याकडची पद्धत होती. त्यामुळे तुझा प्रत्येक विषय तुझ्याच पुढच्या विषयानं पुसला. शेवटचा पेपर झाल्यावर चारही कॅसेट मी अंधशाळेत परत केल्या, दुसऱ्या मुलांना लागतात म्हणून. तिथं आता दुसऱ्या कोणाचा आवाज आहे. मी जाऊन चौकशी केली. आपल्या घरात तुझा आवाज कशावरही नाही.

मला नोकरी लागली. तू परत विचारलंस. मी म्हणालो, बसू दे घडी. मग एक वर्ष तू विचारलंच नाहीस. तू स्वतःच सीताबर्डीला गेलीस, फॉर्म आणलास, भरलास. गावच्या शाळेतून सातवीचा दाखला मागवलास. फक्त एक काम राहिलं. दाखल्याच्या नकलेवर मोठ्या अधिकाऱ्याची सही आणि शिक्का लागत होता. तू सगळे कागद कापडी पिशवीत घालून माझ्या हातात दिलेस.

"तुमच्या साहेबाची सही आणा, भाऊजी. पंधरा दिवस आहे अजून."

पंधरा दिवस गेले. तारीख टळून गेल्यावर तू विचारलंस तेव्हा मी म्हणालो, "अरे, विसरलो वं." तू पिशवी घेतलीस, कागद सुपाखाली सरळ करून ठेवलेस. म्हणालीस, "असू द्या. पुढच्या सालचं पाहू." पुढच्या वर्षी तुला ताप येऊ लागला आणि थुंकीत रक्त दिसलं.

आता इस्पितळातलं लिहितो. तिथली खाट, वास, रांगा यांबद्दल लिहीत नाही, ते ज्यांनी पाहिलं त्यांना माहीत आहे. शेवटच्या आठवड्यात डॉक्टर राउंडला आले. तू खाटेवर उशाला टेकून बसली होतीस, दादा पायथ्याशी, मी बाजूला. डॉक्टरांनी विचारलं, शिकलेलं कोण आहे. दादानं अभिमानानं माझ्याकडे बोट केलं असणार, कारण डॉक्टर माझ्याकडे वळून इंग्रजीत बोलू लागले. म्हणाले, दोन्ही फुप्फुसं गेली आहेत, औषध लागू पडत नाही, फार तर महिना, घरी नेलेलं बरं, पेशंटला सांगू नका. मी इंग्रजीत दोन प्रश्न विचारले. चांगले विचारले. व्याकरण चुकलं नाही. तुझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहून, तू जी भाषा मला अक्षर अक्षर करून दिलीस त्या भाषेत, मी तुझ्या मरणाबद्दल बोललो. आणि तुला ते समजतं आहे हे माझ्या मनातही आलं नाही. इतकं मी स्वतःचंच बोलणं खरं मानून बसलो होतो.

डॉक्टर गेले. दादानं विचारलं, "काय म्हणे गा डॉक्टर?"

तेवढ्यात तूच बोललीस. "बरी होऊन राहिली म्हणे. इथली हवा खराब हाय, घरी न्या म्हणे. घरीच खाऊ-पिऊ घाला."

दादा म्हणाला, "असं म्हणे? मंग रिक्षा पाहतो." आणि लगबगीनं गेला. त्याच्या पावलांचा आवाज किती दिवसांनी हलका झाला होता.

वहिनी, तू आयुष्यभर जे लिहिलेलं आहे तेच वाचलंस. मी तसं करायला लावलं. त्या दिवशी पहिल्यांदा तू दुसरं वाचून दाखवलंस. मी खाट धरून उभा राहिलो. तुला म्हणालो, "तुले समजलं."

तू म्हणालीस, "हळू बोला. तुमचे दादा येतीन." मग थोड्या वेळानं, "महिना म्हणे न? पोरीच्या परीक्षेपर्यंत पुरते."

पुरला नाही. एकवीस दिवस झाले.

इथवर टाइप करून मी थांबलो होतो. आधी मी काही टाइप केलं की तू परत वाचून चुका सांगायचीस. आता कोणाला देऊ? तुझ्या मुलीला हे देण्याची माझी हिंमत नव्हती. शेवटी काल, दादाच्या सुटीच्या दिवशी, सकाळी त्याच्या हातात कागद दिले. म्हटलं, दादा, माझ्यासाठी वाचशील काय, मोठ्यानं. तो ओसरीत उजेडाला जाऊन बसला. एकेक शब्द फोडत वाचत होता. 'दादा' हा शब्द आला की थांबायचा. इस्पितळाच्या पानावर आल्यावर त्याचा आवाज बंद झाला. मी वाट पाहिली. पान उलटल्याचा आवाज आला नाही, तो ते परत पहिल्यापासून मनातल्या मनात वाचत असावा. त्या पानाबद्दल तो अजूनही काही बोललेला नाही.

मग त्यानं मागची पानं चाळली. फॉर्मचं पान काढलं.

"एक इचारू?"

"इचार."

"हे इथी तू लिहिलं, इसरलो म्हणून. तू इसरला होता काय गा?"

मी म्हणालो, "तसंच लिहिलं न."

"लिहिलं थे मी वाचलं. मी इचारून राहिलो." त्याचा आवाज चढला नव्हता. "तिनं मले त्या टायमाले म्हटलं होतं. म्हणे भाऊजी इसरत नाही काही. म्हणे त्याइच्या मनात नसन. मी तिले रागावलो. म्हटलं, तो देव माणूस हाय, त्याले नावं ठेवू नोको."

कागद त्यानं माझ्या मांडीवर ठेवले आणि आत गेला.

वहिनी, वरचं 'विसरलो' मी खोडत नाही. तू ते ऐकलंस, तेव्हा ते तसंच राहू दे. खाली खरं लिहितो.

ती पिशवी पंधरा दिवस रोज माझ्याबरोबर कचेरीत गेली आणि रोज परत आली. साहेब रोज माझ्या टेबलाशी येऊन मजकूर सांगायचे. पिशवी माझ्या खुर्चीच्या पाठीला टांगलेली असायची, मागं टेकलो की कागद वाजायचे. दोन वेळा मी हात घालून ते बाहेर काढले आणि परत आत ठेवले. वाचायला तू लागशील म्हणून अडवलं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण एम.ए. झालं होतं, वाचायचं काही उरलं नव्हतं. मला भीती होती. तू मॅट्रिक झाली असतीस. मग कॉलेजात गेली असतीस, आणि तुला डोळे आहेत, कोणाची गरज नाही, तू माझ्या पुढं गेली असतीस. मग लोकांनी विचारलं असतं, या घरात शिकलेलं कोण, तर दोन बोटं उठली असती. मला एकच हवं होतं. सगळा जन्म ज्याच्या वाट्याला लोकांची कीव आली त्याला एवढं एक मिळालं होतं, ते मला वाटून घ्यायचं नव्हतं. तुझ्याबरोबर तर नाहीच, कारण ते तुझंच होतं, हे मला माहीत होतं.

हे मी आज दुपारी टाइप केलं. दादानं अजून हे वाचलेलं नाही. तो पाळी संपवून येईल, हातपाय धुऊन चहा घेईल, मग मी हा कागद त्याच्या हातात देणार आहे. तो एकेक शब्द जोडून मोठ्यानं वाचेल. मी समोर बसून शेवटपर्यंत ऐकणार आहे.